ज्या कपाटाला लेखाशीर्ष नाही

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या नगर वाचनालयांत देवघेवीच्या काउंटरमागे एक कुलूपबंद कपाट असतं. त्याला ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लावलेली असते आणि किल्ली कार्यवाहांकडे किंवा सर्वांत जुन्या ग्रंथपालाकडे. आत शोभेचं काही नसतं. नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, गावातल्याच छापखान्यात निघालेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या साप्ताहिकाची बांधीव वर्षं, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, देवस्थानाच्या दाव्याचे छापील कागद, ज्ञातिपरिषदेचे ठराव, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, हौशी नाटक मंडळीची हस्तपत्रकं, मोडी कागदांचे दोन-चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. गाजलेली कादंबरी राज्यात हजार ठिकाणी मिळेल. हे कागद मिळाले तर त्या एका गावात मिळतील. तिथून गेले की विषय संपला.

सार्वजनिक ग्रंथालयांचा पैसा आटतो तेव्हा चर्चा होते ती नव्या पुस्तकांची, घटत्या सभासदांची आणि कर्मचाऱ्यांच्या पगारांची. पगारांची चर्चा तर व्हायलाच हवी. पण या कपाटाचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही, कारण अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात ते येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडचे स्थानिक इतिहासाचे संग्रह एखाद्या मोठ्या कपातीच्या घावानं जात नाहीत. ज्या हिशेबात ते मोजलेच जात नाहीत, त्या हिशेबापायी ते जातात. त्यामुळे नुसतं अनुदान वाढवून ते वाचतील, असंही मला वाटत नाही.

आधी या संस्थांचं वय पाहू. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, अहमदनगरचं 1838 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. पुणे नगर वाचन मंदिर 1848, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850. पणजीला पोर्तुगिजांनी 1832 मध्ये सुरू केलेलं ग्रंथालय आज कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून चालतं. आपल्याकडच्या बहुतेकांची सुरुवात ‘नेटिव जनरल लायब्ररी’ अशा नावानं झाली. एखादा साहेब अधिकारी पुढाकार घेई आणि गावातले वकील, मामलेदार, सावकार वर्गणी देत. संग्रहावर त्या वर्गाचा ठसा आजही दिसतो. वकिलांच्या घरची कागदपत्रं वाचनालयात आली. विणकरांची, गिरणी कामगारांची, भटक्यांची फारशी आली नाहीत. मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक पत्र चालवत. 1910 मध्ये सुरू झालेलं हे पत्र अर्धशतकाहून जास्त काळ निघत राहिलं. अशा पत्रांचे अंक शोधणाऱ्याला वाचनालयांइतकेच सत्यशोधक घराण्यांचे माळे धुंडाळावे लागतात. जतनाची चर्चा करताना हे विसरू नये. जे कपाटात आहे ते जपायचं आहे, पण ते कपाट म्हणजे सगळं गाव असं कुणी समजू नये.

पैशाची बाजू. ग्रंथालय ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे संस्थानांत आधी रुजला. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणून गावोगावी वाचनालयांची साखळी उभी केली. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला. देशातला तो पहिला मानला जातो. मुंबई इलाख्यात फैजी समितीनं 1940 च्या सुमारास मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड सुचवली. पुढे महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 मध्ये झाला आणि 1 मे 1968 पासून लागू झाला.

या कायद्यात एक गोष्ट जाणूनबुजून टाळली गेली: ग्रंथालय उपकर. मद्रासनं 1948 च्या कायद्यातच मालमत्ता करावर उपकर बसवला होता. कर्नाटकानं 1965 मध्ये तेच केलं. महाराष्ट्रानं ग्रंथालय निधी स्थापन केला आणि त्यात सरकारनं दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असं लिहिलं. 1967 साली ती रक्कम मोठी होती. प्रत्यक्ष तरतूद अर्थातच पुढे कितीतरी वाढली, पण कायद्यानं हमी दिली ती एवढीच. उरलेलं सगळं दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर. उपकर असला म्हणजे सगळं सुरळीत होतं, असंही नाही. बंगळुरू महापालिकेनं नागरिकांकडून गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे न भरता थकवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. तरी तिथे ‘आमचे पैसे द्या’ असं म्हणायला निदान कायद्याचा आधार आहे. आपल्याकडच्या वाचनालयाला निवेदन देण्यापलीकडे काही करता येत नाही.

आणि निवेदनांचा अनुभव काय सांगतो? 2012 मध्ये अनुदान वाढलं. त्याच वर्षी महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, कागदावरच चालणारी बरीच ग्रंथालयं उघडी पडली, आणि नवी मान्यता व दर्जावाढ पुढे कितीतरी वर्षं थांबली. बनावटगिरीला आळा बसला हे चांगलंच झालं, पण त्याची शिक्षा प्रामाणिक संस्थांनीही भोगली. त्यानंतरची वाढ थेट 2022 च्या अखेरीस, 60 टक्के. बातमी म्हणून ती मोठी वाटली. हिशेब मात्र वेगळं सांगतो. 2012 ला 100 धरणारा ग्राहक किंमत निर्देशांक 2022 च्या अखेरीस 175 च्या आसपास पोचला होता. म्हणजे वाढीनंतरसुद्धा वाचनालयाच्या हातातल्या रुपयाची ताकद दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमीच होती, आणि मधल्या दहा वर्षांत ती दरवर्षी घसरत गेली ती वेगळीच. कुणी कपात जाहीर केली नाही, कुठे मोर्चाला निमित्त मिळालं नाही, विधानसभेत कुणी कागद फडकावला नाही. आपल्याकडची कपात अशी होते.

या रकमेत जुन्या कागदांना काय मिळतं? शासनमान्य ग्रंथालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग आहेत. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान 2022 च्या वाढीनंतरही पन्नास हजारांच्या आतच राहिलं. ते दोन हप्त्यांत येतं, आणि दुसरा हप्ता मार्चअखेर आला की घाईघाईनं पुस्तकखरेदी होते. अनुदानाचा मोठा वाटा पगारांना जातो आणि तरीही कर्मचाऱ्यांच्या हाती जे पडतं ते किमान वेतनाच्या जवळपासही नसतं. सत्तरच्या दशकात प्रभा राव समिती झाली, पुढे व्यंकप्पा पत्की समिती झाली. वेतनश्रेणीची मागणी अजून तिथेच आहे. ज्याला महिन्याचा किराणा या पगारात भागत नाही, त्या माणसानं 1890 च्या अंकांची पानं सुटी करून त्यांना टिश्यू लावावा, ही अपेक्षाच अंमळ निर्लज्ज आहे.

पण मला अधिक खटकतो तो मोजणीचा नियम. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, येणारी दैनिकं-नियतकालिकं, सभासद आणि वाचनालय उघडं राहण्याचे तास यांवर. या सगळ्यांत स्थानिक संग्रह कुठेच नाही. दाखल नोंदवहीत एका क्रमांकावर नगरपालिकेचा 1885 चा अहवाल आणि पुढच्या क्रमांकावर सवलतीत घेतलेली भविष्याची पुस्तिका असेल, तर तपासणीच्या दृष्टीनं दोन्ही सारखीच, एकेक. उलट अहवाल फाटका असल्यामुळे तोट्यातच. फाटकी, वाचकांनी वर्षानुवर्षं न नेलेली पुस्तकं निर्लेखित करायची रीत आहे आणि ती गैर नाही. जागा तर करावी लागतेच. पण ‘वाचकांनी न नेलेलं’ ही कसोटी जुन्या स्मरणिकेला लावली की ती रद्दीतच जाणार. पन्नास वर्षांत एकदाच एखादा अभ्यासक येऊन ती मागतो. तो येईपर्यंत तिनं टिकायचं असतं. सुटी पत्रकं तर दाखलच झालेली नसतात. त्यांच्याबद्दल कुणाला जाबही द्यावा लागत नाही.

‘असेल की मुंबईला एखादी प्रत’ असं उत्तर यावर मिळतं. ते फसवं आहे. 1867 च्या छापखाने व पुस्तके नोंदणीच्या कायद्यापासून छापील मजकुराची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, आणि 1954 च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशनाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. त्यांत मुंबईही आहे. पण तालुक्याच्या छापखान्यात दोनशे प्रतींत निघालेली ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका काढणाऱ्याला आपण प्रकाशक आहोत हेच ठाऊक नसतं. तो प्रत पाठवणार कुठून?

अशा कागदांचं मोल कधी कळेल ते सांगता येत नाही. याची दोन उदाहरणं मराठीतच आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुढे ते जवळजवळ विसरलं गेलं, आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केल्यावर देशभरच्या स्त्री-अभ्यासकांनी ते हाती घेतलं. त्र्याण्णव वर्षं कुठल्या तरी फळीवर प्रत टिकली म्हणून हे झालं. दुसरं गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना 1966 मध्ये भटजींची मूळ भाषा वाचकांपुढे ठेवता आली. ‘छापलं आहे ना, मग मूळ कशाला’ असं 1907 मध्ये कुणी म्हटलं असतं तर आपल्याकडे आज वैद्यांचे भटजीच असते. हल्ली ‘स्कॅन झालं ना, मग मूळ कशाला’ असं म्हणणारे भेटतात.

कागदाविषयीही थोडं सांगायला हवं, कारण पैसा कुठे लागतो ते त्यावरून कळतं. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातानं होणारा कागद चिंध्यांच्या, तागाच्या लगद्याचा. त्यावरची पेशवाईतली मोडी पत्रं अजून लवचिक आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल त्याची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद आला. तो स्वस्त, पण त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. म्हणून 1780 चं पत्र हातात घेता येतं आणि 1925 चं साप्ताहिक उलटताना पानाचा कोपरा बोटात राहतो. स्थानिक इतिहासाचा मोठा भाग नेमका या दुसऱ्या कागदावर आहे. त्यात कोकणातला दमटपणा, सगळीकडची वाळवी आणि कसर. वर आपल्या माणसांचे उपकार: फाटलं की सेलोटेप, जिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं घेऊन जातो, आणि बांधणीला दिलं की कडा सारख्या करण्यासाठी कापणारा बाइंडर, जो समासातल्या नोंदी आणि कधी कधी मजकुराचं टोकही उडवतो. यांतलं बरंच काही जवळपास फुकट टळू शकतं. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळणं, रॅक भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर लांब ठेवणं, वेखंडाच्या पुरचुंड्या, पावसाळ्यानंतर उघडून बघणं, बाइंडरला ‘कटिंग नको’ असं लिहून देणं. आम्ल काढणं आणि टिश्यू लावणं महाग आहे. ते सगळ्याला करता येणार नाही आणि करायची गरजही नाही.

महागात पडतं ते पाणी. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. कोकणाच्या इतिहासाचे संदर्भ जमवण्याची त्याची खटपट जुनी आहे आणि 2013 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संस्थेनं चिपळुणात भरवलं. 26 जुलै 2005 ला वाशिष्ठीचं पाणी या वाचनालयात शिरलं. 22 जुलै 2021 ला पुन्हा शिरलं. सांगलीचं 1869 चं जिल्हा नगर वाचनालय ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुरात सापडलं. भिजलेल्या पुस्तकाला साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागद असेल तर पानं एकमेकांना चिकटून वीट होते, मग ती कधीच सुटत नाहीत. परदेशात अशी पुस्तकं तातडीनं गोठवतात आणि नंतर सावकाश सुकवतात. आपल्याकडे पूर आलेल्या गावात त्या दोन दिवसांत वीजच नसते. पुरानंतर राज्यभरातून पुस्तकं भेट येतात, माणसं मनापासून पाठवतात, आणि कादंबऱ्यांची फळी वर्षभरात पुन्हा भरते. गावातल्या बंद पडलेल्या पत्राची फाइल भेट कोण पाठवणार? नदीकाठच्या गावांत हे कपाट तळमजल्यावरून वर नेणं हा जतनाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरी तो होत नाही, कारण जिना चढण्याचा त्रास, तळमजला देवघेवीला सोयीचा, आणि पहिला मजला भाड्यानं दिला तर वाचनालयाचं वीजबिल त्यातून सुटतं. अनुदान गोठल्याचा परिणाम असा फिरून कपाटापर्यंत येतो.

सरकारवर अवलंबून का राहायचं, असा एक सूर नेहमी निघतो आणि त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत शिक्षकी करता करता पटवर्धनी दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. वि. का. राजवाड्यांनी पायी हिंडून, वाड्यांच्या बळदांतून कागद काढून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे केले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ झालं ते सरकारी हुकमानं नाही. राजवाड्यांच्या पश्चात धुळ्याला त्यांच्या नावाचं मंडळ झालं तेही लोकांच्या पैशातून. हे सगळं खरं. पण ही परंपरा सांगणारे तिचा शेवट सांगत नाहीत. द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात अफाट संग्रह जमवला. त्यांच्यानंतर तो सांभाळायला संस्था आणि सरकार लागलं, आणि 1939 मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या अभ्यासकाला साताऱ्याचे कागद पाहायला पुण्याला जावं लागतं, हा तोटा आहेच. तरी कागद आहेत. एका माणसाच्या वेडानं संग्रह जमतो. तो शंभर वर्षं झाडून-पुसून ठेवायला पगारी माणूस लागतो, आणि त्या पगाराला देणगीदार मिळत नाही. इमारतीला मिळतो, कारण कोनशिलेवर नाव लागतं.

केंद्र सरकारचा पैसा गेल्या काही वर्षांत कुठे वळतो आहे, ते पाहण्यासारखं आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायचं, आणि हस्तलिखितांसाठीची तरतूद साडेतीन कोटींवरून साठ कोटींवर. आनंदाची गोष्ट आहे. पण 2003 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अभियानाची हस्तलिखिताची व्याख्या बारकाईनं वाचावी. निदान पंच्याहत्तर वर्षं जुनं, हातानं लिहिलेलं आणि ज्ञानपर मजकुराचं असेल ते हस्तलिखित. शिळाछापाची आणि छापील पुस्तकं त्यात नाहीत. फर्मानं आणि महसुली दफ्तरं हेही वेगळे, ‘ऐतिहासिक दस्त’. म्हणजे वाचनालयाच्या कपाटातली ज्ञानेश्वरीची पोथी या पैशाला पात्र. तिच्याशेजारचा मोडी रुमाल अपात्र, शिळाछापावरचं पंचांग अपात्र आणि गावचं साप्ताहिकही अपात्र. पोथीच्या प्रती इतरत्र मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हा यातला विनोद. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय पोथ्यांसाठी जगप्रसिद्ध आहे, पण तिथल्या मराठी राजवटीचा रोजचा कारभार कळतो तो तिथल्या मोडी कागदांवरून.

स्कॅनिंगबद्दल उत्साह फार आहे, आणि काही कामं खरोखर चांगली झाली आहेत. ठाण्याच्या 1893 च्या मराठी ग्रंथ संग्रहालयानं दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून सर्वांना खुली केली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ प्रकल्प आहे. गॅझेटिअर विभागानं जिल्ह्यांची गॅझेटिअर्स इ-रूपात आणली. यांमुळे अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्याला रात्री दोन वाजता एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक वाचता येतं, हे थोडं नाही. पण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची कथा प्रत्येक कार्यवाहानं ऐकायला हवी. केंद्राच्या पैशानं लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही भरपूर. पानं सुटलेली, वाकडी आलेली, नावं चुकलेली. आणि 2017 च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद झालं. आज ती पुस्तकं मिळतात ती एका परदेशी ना-नफा संस्थेच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर कुणीतरी धडपडून प्रती चढवून ठेवल्या म्हणून. प्रकल्पाचा पैसा स्कॅन करण्यापुरता येतो. नंतर हार्ड डिस्क बदलणं, फाइल उघडते का ते पाहणं, नाव-तारीख नीट लावणं हा रोजचा खर्च आहे, आणि रोजच्या खर्चाला पैसा नसणं हाच तर मूळ आजार. कुठल्या तरी टेबलाच्या खणात पडलेल्या, आता न उघडणाऱ्या सीडी हे पहिल्या उत्साहाचे अवशेष बहुतेक जिल्ह्यांत सापडतील.

हा आजार आपलाच आहे असं नाही. बर्मिंगहॅम शहरानं सुमारे 19 कोटी पौंड खर्चून 2013 मध्ये नवं भव्य ग्रंथालय उघडलं. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचे कागद तिथे आहेत. दोन वर्षांत पैसे संपले आणि आठवड्याला 73 तास उघडणारी इमारत 40 तासांवर आली. 2023 मध्ये तर पालिकेनं आर्थिक दिवाळखोरीसारखी नोटीस काढली. इंग्लंडमध्ये 1964 च्या कायद्यानुसार ग्रंथालय सेवा देणं स्थानिक संस्थांना बंधनकारक आहे, तरी हे झालं. तिथे निदान कपात दिसते. तास किती कमी झाले, शाखा किती बंद झाल्या याचे आकडे येतात आणि लोक फलक घेऊन उभे राहतात.

मग करायचं काय? अनुदान महागाई निर्देशांकाशी जोडावं, कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी, हे मुद्दे जुने आणि रास्त आहेत. त्यांत मी भर घालत नाही. कपाटासाठी मला पहिली गरज वाटते ती यादीची. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि ती 1943 मध्ये छापली. पुढचा भाग 1961 मध्ये आला. काळे आणि बर्वे यांच्यासह त्यांनी नियतकालिकांची सूचीही केली. संगणक नसताना हे झालं. आज हवी आहे ती याहून साधी गोष्ट: ठाण्याच्या ‘अरुणोदय’चं किंवा सोलापूरच्या ‘कल्पतरू’चं कुठलं वर्ष आज कुठल्या वाचनालयात, कुठल्या अवस्थेत आहे, याची जिल्हावार नोंद. अशी नोंद असेल तरच काय एकुलतं आहे ते कळेल, आणि एकुलतं काय ते कळल्याशिवाय तुटपुंजा पैसा कशावर घालायचा हे ठरवता येत नाही. आत्ता होतं असं की दहा वाचनालयं तेच गाजलेलं पुस्तक स्कॅन करतात आणि अकराव्याकडचं एकमेव साप्ताहिक तसंच राहतं.

जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून वार्षिक तपासणी होतेच. तिच्या नमुन्यात एक पान वाढवावं: त्याच जिल्ह्यात छापलेलं किंवा त्या जिल्ह्याविषयीचं, पन्नास वर्षांहून जुनं काय आहे. त्या पानाला वर्ग ठरवताना गुण द्यावेत. एवढं झालं तर आज अडगळ वाटणारं कपाट कार्यकारिणीच्या नजरेत एकदम किमती होईल. मी या बाबतीत सद्भावनेपेक्षा गुणांवर जास्त विश्वास ठेवतो. निर्लेखनाच्या नियमात एक अट हवी, की असं काहीही रद्दीत जाण्याआधी जिल्हा ग्रंथालयाला किंवा पुराभिलेख विभागाला विचारावं. आणि ज्या संस्थेकडे कोरडी खोली आणि कायमचा माणूस दोन्ही नाहीत, तिनं मालकी आपल्याकडे राखून कागद जिल्ह्याच्या ठिकाणी ठेव म्हणून द्यावेत. यावर गावोगावी भांडणं होतील, मला ठाऊक आहे. आमचे कागद आमच्या गावात, ही भावना खोटी नाही. पण पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली ती भावना कागदाच्या काही कामाची नाही.

स्कॅन करायला कायदा आडवा येतो, ही सबब तर बाजूलाच ठेवावी. 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 नुसार, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या कागदी प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ती सगळ्यांना खुली करणं हा वेगळा प्रश्न, पण निनावी लेखनाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, आणि जुन्या स्थानिक पत्रांतलं बरंचसं लेखन निनावीच असे.

माणसं कुठून आणायची, हे सर्वांत अवघड. पुराभिलेख विभागाचे आणि इतर संस्थांचे मोडी वर्ग नियमित चालतात. प्रमाणपत्र घेतलेल्या कितीतरी निवृत्त शिक्षकांना, तरुणांना वाचायला पुढे कागदच मिळत नाहीत, आणि तिकडे वाचनालयांतले रुमाल वाचणाऱ्यावाचून बांधलेले. इतिहासात एम.ए. करणाऱ्यांना प्रकल्प लागतो; ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सूची करण्याचा सराव लागतो. यांतल्या एकाला महिनाभर तालुक्याच्या वाचनालयात बसवायचं तर त्याच्या एसटीच्या भाड्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय करावी लागेल. अनुदानाच्या आजच्या नियमांत त्यासाठी वेगळी जागा नाही. हे नियम 1970 चे आहेत, आणि ते बदलायला विधानसभेत जावं लागत नाही.